संचालकबाईंचा परिचय मी वाचणार नाही

ता. ९ जानेवारी

चि. टिचकी हिस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत आहे. तुझ्या आईचा सकाळीच फोन येऊन गेला. लेक वारसा-जतन संस्थेची संचालक झाल्यापासून ती माझ्याशीसुद्धा घसा खाकरून बोलते.

पदग्रहणाच्या समारंभात मी तुझा परिचय करून द्यावा म्हणून तू लिहून दिलेला आणि संस्थेने पाठवलेला कागद मिळाला. दोनदा वाचला. कोण गं ही बाई? परदेशी पदवी, दोन संग्रहालयांची पुनर्रचना, ढीगभर शोधनिबंध. आणि आपल्या संस्थेच्या तळघरातली पहिली सहा वर्षं कशी, तर 'प्रारंभी चित्रस्वच्छता विभागात कार्यरत. रंगलेपांच्या विद्राव्यतेवर विशेष अभ्यास.'

विशेष अभ्यास! जुन्या तैलचित्रावरचा मळ काढायला कापसाच्या बोळ्याला आपलीच थुंकी लावायची, ती साध्या पाण्यापेक्षा चांगलं काम करते, हे मी सांगितलं तेव्हा "शी! मी नाही जा!" म्हणून किंचाळली होतीस. मला तरी काय हौस होती? आमच्या कॉन्व्हेंटात पेन्सिल जिभेला लावली तरी सिस्टर हातावर पट्टी मारायच्या. त्याच मला पुढे जन्मभर थुंकायचा पगार मिळाला.

आणि तुझा तो विद्राव्यतेचा अभ्यास! कुण्या न्यायाधीशांच्या तसबिरीवर काम करत होतीस. बोळा लालभडक झाला आणि तू बोंब ठोकलीस, "ओठ सुटले! न्यायाधीशांचे ओठ सुटले!" तेव्हाचे संचालक जेवण टाकून धावत खाली आले, चमचा हातात तसाच. मी म्हटलं, "आधी तोंड उघड." आत लाल गोळी! चघळत चघळत काम चाललं होतं.

हसू आवरत संचालकांनी विचारलं, "बाई, ही कोण?"

"नवी शिकाऊ," मी म्हटलं. भाची म्हणाले नाही.

काल फोनवर तुला विचारलं, हे सगळं का गाळलंस? तर म्हणालीस, "मावशी, तुझ्या हाताखाली होते असं आलं की नातं निघणार. लोक म्हणतील वशिला." त्यानंतर फोन बंद पडला नव्हता. मी ठेवला.

वशिला? नोकरीत कायम करायच्या परीक्षेत दोनदा नापास केलं मी तुला! दुसरी कुणी असती तर पहिल्याच खेपेला पास केली असती. तुझी आई वर्षभर माझ्याशी बोलत नव्हती. जिन्यात भेटलीस तरी तुझं "नमस्कार बाई", आणि मी मान हलवून पुढे. तुझं पहिलं चित्र उजळून निघालं तेव्हा सगळ्यांनी तुला मिठ्या मारल्या. मी म्हटलं, "ठीक आहे, बोळे आवरा."

तुझ्या नेमणुकीची बातमी आली तशी मी खाली पाववाल्याला सांगायला गेले. राहवेना. तोंडातून काय निघालं, तर "आमच्या संस्थेतली एक मुलगी संचालक झाली."

तो म्हणाला, "अरे वा! ओळखता वाटतं तुम्ही?"

"तोंडओळख आहे," मी म्हटलं.

इतकी सवय लागली बघ. पाव तिथेच विसरून वर आले.

तेव्हा संस्थेचा कागद परत पाठवते आहे. मी येईन, माइकसमोर उभी राहीन आणि पहिलंच वाक्य म्हणेन, "ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी." मग गोळीसकट सगळं सांगेन. कुणाला वशिला म्हणायचं असेल त्याने उभं राहून म्हणावं, मी तिथेच आहे.

तुला नको असेल तर स्पष्ट कळव. मी घरी बसेन. रुसणार नाही असं मात्र लिहीत नाही, उगीच खोटं कशाला? कळवलं नाहीस तर होकार समजेन आणि नवे बूट घेईन.

भर सभेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारलीस तर ओ देणारी,

तुझी सख्खी
मावशी