चौदा वर्षांच्या वाचकाचा अभिप्राय

तीर्थस्वरूप वन्संना साष्टांग नमस्कार (माझे गुडघे पाहता तो कागदावरच उरकते आहे, तुम्हीही मनातल्या मनात मला उठवून घ्या).

डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, जिवात जीव आला. थेंब वेळेवर घालत जा आणि डॉक्टरांना डोळ्याचं शास्त्र समजावून सांगू नका. इकडे मी बरी आहे, तुमची भाची बरी आहे, तिचा पाणघोडा तेवढा आजारी आहे.

पाणघोडा पुस्तकातला. तुम्ही चारचौघांत सांगता की भाची 'मुलांची चित्रं काढते', पण तिचं खरं काम पुस्तक मांडण्याचं. अक्षर केवढं घ्यायचं, चित्र कुठे बसवायचं, किती जागा कोरी सोडायची, हे सगळं तिने ठरवायचं आणि मग प्रकाशकाच्या कचेरीतल्या तिघांनी ते बदलायचं. हा पाणघोडा तिने निळा केला होता. विक्रीवाले साहेब म्हणाले, निळा आता चालत नाही. गुलाबी केला, तर संपादकबाईंना तो भाजल्यासारखा वाटला. बालमानसाचे तज्ज्ञ म्हणून एक गृहस्थ येतात (स्वतःला मूलबाळ नाही, त्यामुळे मत अगदी स्वच्छ असतं), त्यांनी सुचवलं की रंग 'उत्साही राखाडी' असावा. चार महिने बैठका होऊन पाणघोडा देवाने केला होता त्याच रंगाचा झाला.

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच पुस्तकाबद्दल. तुमच्या भाचीने मोठ्या मुलांसाठी स्वतः एक कादंबरी लिहिली आहे, चित्रंही तिचीच. वयोगट बारा ते सोळा, पानं एकशे बारा. (पानं सोळाच्या पटीत लागतात, त्यामुळे एखादं दुःख जास्त झालं तर कापावं लागतं.) एका मुलीचे वडील जातात आणि मग ती आणि तिची आई दिवस कसे ढकलतात, एवढीच गोष्ट. वडील घड्याळं दुरुस्त करणारे दाखवलेत. आपल्या ह्यांना साधा गजर लावता येत नसे, हे तुम्हाला सांगायला नको. पण उभं राहणं ह्यांचंच, हसताना मान खाली घालणंही ह्यांचंच. आईचं तोंड प्रत्येक चित्रात उघडं आहे. मी विचारलं, "ही कधी गप्प बसत नाही का?" तर म्हणाली, "मी जसं पाहिलं तसं काढलं, आई."

तिघांनी कादंबरी वाचली आणि तिघांनाही आवडली, फक्त वडील मरायला नकोत. साहेब म्हणाले, वडील गेलेलं पुस्तक वाढदिवसाला कोण भेट देईल? तज्ज्ञांनी विचारलं, वडिलांऐवजी काका गेले तर? (दिरांना हे कळवू नका.) शेवटी ठरलं की वडील दूर कुठेतरी हरवले होते असं दाखवावं आणि शेवटच्या पानावर दारात उभे करावेत. तुमची भाची म्हणाली, तसं असेल तर पुस्तक परत द्या. तीन वर्षांचं काम, वन्सं! मग संपादकबाईंनी मधला मार्ग काढला: लेखिकेचं नाव झाकून पुस्तक वीस वाचकांना द्यायचं, त्यांच्याकडून एक अर्ज भरून घ्यायचा, आणि बारा ते सोळा वयाची मुलं म्हणतील तो शेवट ठेवायचा.

आता माझी चूक सांगते, पण त्यात निम्मी तिची आहे. तो अर्जसुद्धा तिनेच मांडला आणि चार प्रती घरी आणल्या. मजकूर होता 'वाचकाचं वय, जन्मतारखेनुसार'. चौकटीत मावेना म्हणून हिने जन्मतारीख उडवली. राहिलं नुसतं 'वाचकाचं वय'. मी एकसष्टची, पण वाचक म्हणून कुठे एकसष्टची आहे? चौथीत शाळा सुटली, त्यानंतर डब्यांवरची नावं आणि विजेचं बिल एवढंच वाचलं. हिला नोकरी लागली, ही फळ्यांवर अंथरायला चुकलेले छापील कागद आणू लागली, आणि डबे पुसता पुसता मी ते वाचू लागले. पानं उलटसुलट असायची. पुढचं पान कुठल्या डब्याखाली आहे ते हे शोधून द्यायचे, पीठ सांडायचं, मी ओरडायची, आणि हे म्हणायचे, "आधी त्या राजपुत्राचं काय झालं ते वाच." त्या वाचनाला यंदा चौदा वर्षं झाली. मी प्रामाणिकपणे 'चौदा' लिहिलं.

पुढे विचारलं होतं, शेवटी वडील परत यावेत का? मी 'हो'वर खूण केली. 'कारण लिहा' म्हणून दोन ओळी होत्या. मी लिहिलं, 'खूप दिवस झाले.' आणि तिला न सांगता टपालात टाकून आले.

वन्सं, त्या तीन शब्दांनी कचेरीत धुमाकूळ घातला. बाकी मुलांची मतं निम्मी-निम्मी पडली, पारडं माझ्या मताने झुकलं. तज्ज्ञ म्हणे हे निरागस बालमन वाचून डोळे पुसत होते. तुमची भाची घरी आली ती फणफणतच. "कोण हे शेफारलेलं कार्टं आहे कोणास ठाऊक! म्हणे खूप दिवस झाले! अरे, तो माणूस मेलाय!"

"लहान आहे गं," मी म्हटलं.

"चौदाव्या वर्षी एवढं कळू नये?"

"एखाद्याला उशिरा कळतं," म्हणत मी तिला भाजी वाढली.

काल त्या कार्ट्याच्या नावे कचेरीतून पत्र आलं, शेजारणीच्या पत्त्यावर (अर्जात मी तोच दिला होता). 'प्रिय छोट्या दोस्ता' अशी सुरुवात, बरोबर वाघाचं एक स्टिकर. (पिठाच्या डब्यावर लावलं, छान दिसतं.) नियम असा की वीस तारखेच्या आत पालकांची सही पोचली तरच मत धरणार. या घरात माझ्यापेक्षा मोठं कुणी उरलं नाही. तेव्हा कागद सोबत पाठवला आहे, पालक म्हणून तुम्ही सही करून थेट त्यांना धाडावा.

तब्येतीला जपा. चालताना काठी घ्या, ती शोभेसाठी दिलेली नाही.

तुमची धाकटी भावजय

ता. क. नात्याच्या रकान्यात 'आत्या' लिहिलंत तरी चालेल. खोटं असलं तरी घरातलंच आहे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी तिच्या टेबलावर एक चित्र दिसलं. साहेबांच्या आग्रहाखातर तिने परत आलेले वडील काढून पाहिले होते. हे दारात उभे आहेत, अगदी हुबेहूब. आई आणि मुलगी मात्र पाठमोऱ्या. मी विचारलं, "यांची तोंडं का नाही काढलीस?" म्हणाली, "जमेना. तेव्हा तोंडं कशी होतात ते मी कुठे पाहिलंय?"

तर वन्सं, सही करू नका. वीस तारीख जाऊ द्या. मत मागे घेते असं लिहायला मी दोनदा बसले, हात चालला नाही. तुम्ही त्यांच्या थोरल्या बहीण, तुमच्याच्याने होईल. आणि तो कागद मला परतही पाठवू नका. घरात आला तर मी शेजारणीची सही घेईन.