कपिलच्या डिस्कचं कुलूप

यवतमाळ,
१६ डिसेंबर २०१८

चि. पियूष,

अनेक आशीर्वाद. पुण्यात थंडी पडली असेल. इथे तुझ्या काकांचा खोकला बरा आहे. मुकुटबनच्या शेतातली कापसाची दुसरी वेचणी शेजारच्या देवरावाने करून दिली. यंदा बोंडं बरी निघाली.

तू उघडून पाठवलेला कपिलचा लॅपटॉप परवा पोचला. इथल्या दुकानदारांनी "पासवर्ड नाही, तर आशा सोडा" म्हणून हात वर केले होते. तू फोनवर सांगितलेलं मी काकांना समजावलं : पासवर्ड विचारणारा चौकीदार डिस्कमध्येच बसवलेला, पण तिजोरीची किल्ली त्याच्या शेजारीच टांगलेली. चौकीदाराला फितवलं की झालं. कपिलने भरवशाने लावलेलं कुलूप इतकं कच्चं निघालं, म्हणून तू हळहळलास. मला मात्र त्या कच्चेपणाचे उपकार वाटले.

व्हिडिओ आम्ही दोघांनी पाहिला. तो गेला त्याच सकाळचा. बोंडअळीच्या सापळ्यातले पतंग दाखवून तो विहिरीकडे वळतो. "बाबा, पंप पाणी ओढून नाही राह्यला. खालच्या व्हॉल्वमंधी कचरा अडकला असन. हे कॉम्प्युटरवर टाकतो अन् उतरतो. संध्याकाळी घरी येतो, आईले म्हणा भरीत करून ठेव."

काकांनी तो पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग म्हणाले, "पाय घसरला त्याचा, विमल." आणि त्याला नेल्यापासून पहिल्यांदा रडले.

गावात काय बोलत होते, तुला ठाऊक आहे. मागच्या साली अळीने कापूस खाल्ला, म्हणून पोराने विहीर जवळ केली. मी प्रत्येकाशी भांडले. पण पियूष, आतून मलाही तेच वाटत होतं. हे काकांना अजून सांगितलेलं नाही.

डिस्कवर 'स्पृहा' नावाचं फोल्डर आहे. तू उघडलं नाहीस, मीही नाही. ती आणि कपिल लग्न करणार होते, एवढंच मला माहीत. काल ती आली होती. दारातच विचारलं, "काकू, तुम्ही पाहिलं?"

"नाही ग. ते तुझं आहे."

तिला जेवू घातलं, व्हिडिओ आमच्याकडे ठेवून लॅपटॉप तिच्या हाती दिला. ती पुण्यात तुझ्याकडे येईल. या वेळी डिस्कच्या भरवशावर राहू नकोस, सॉफ्टवेअरचं पक्कं कुलूप लाव. पासवर्ड तिचा तिलाच माहीत असू दे.

तुझे आभार कसे मानू? तो संध्याकाळी घरी येणार होता, हे आता मला माहीत आहे. तुझ्यामुळे.

तुझी काकू,
कपिलची आई