दादाच्या टाकावरची घार

आबा, माझं वय आता तुमच्याही पुढे गेलं. तरी दादाच्या बिल्ल्याविषयी बोलावंसं वाटतं ते तुमच्याशीच. दुसऱ्या कुणाला त्यातलं काय कळणार?

आपलं नौदल तेव्हा नुकतंच जहाजावरून विमानं उडवू लागलं होतं. दादा मागे बसून रेडिओ सांभाळायचा. एकदा सुट्टीत पोलादपूरला उतरून डोंगर चढून आला, तो स्क्वाड्रनचा कापडी बिल्ला घेऊनच. खाली लाटा, वर पंजे उघडलेली घार. "सरकारला दुसरं पाखरू नाय गावलं? ही तर आपली कोंबडीची पिल्लं नेते," तुम्ही म्हणालात. दादा हसत म्हणाला, "आबा, तिच्यासारखीच झडप हाय आमची. विमानाच्या शेपटाखाली आकडा असतो. जहाजावरच्या दोरखंडात तो अडकला तरच विमान थांबतं." तुम्ही विचारलंत, "आनि नाय अडकला तर?" "मंग परत वर जायचं," तो म्हणाला.

पुढच्याच वर्षी नौदलाचा माणूस घरी आला. विमान समुद्रात गेलं होतं. देह मिळाला नाही.

गेलेल्या माणसाची आकृती चांदीच्या पत्र्यावर उठवायची आणि तो टाक देवांत बसवायचा, ही आपली रीत. महाडच्या सोनारापुढे तुम्ही तो बिल्लाच ठेवलात. टाक घरी आला तशी भावकी जमली. दादाला देवघरात जागा मिळणार की नाही, एवढंच त्या दिवशी ठरायचं होतं. थोरले काका भडकले, "पाखरू देवात बसवतोस? टाकावर मानूस हवा!" तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "मानूस आनून द्या. मंग पाखरू काढतो." टाक बसला. मला मात्र तुमची भीती वाटली, आबा. तुम्ही रडला असता तर बरं झालं असतं.

परवा त्या स्क्वाड्रनचा छापील इतिहास वाचला. विमानं बदलली, माणसं बदलली, बिल्ल्यावर घार तीच. दादाच्या वाट्याला अर्धं वाक्य आलंय, एक विमान कर्मचाऱ्यांसह बुडाल्याचं. नाव नाही. फार राग आला.

देवपूजा आता मीच करतो. बाकीचे टाक ताम्हनात ठेवून त्यांच्यावर पाणी घालतो. दादाचा टाक मात्र मी आजवर एकदाही पाण्यात धरलेला नाही. कोरड्या फडक्याने पुसतो आणि जागेवर ठेवतो.