सुधारित नको, मूळच द्या

३ फेब्रुवारी, सोमवार
शाळेचा निरोप. वेदिकाला पहिलीत घ्यायचं की सीनियर केजीत अजून एक वर्ष बसवायचं, हे बुद्धिमापन चाचणीचा रिपोर्ट बघून ठरणार. ११ तारखेला, द्वारका चौकाजवळच्या मानसतज्ज्ञ प्रतिभा मॅडमकडे. मी मॅट्रिक आहे, तयारी करून घेईन.

४ फेब्रुवारी, मंगळवार, उपास
शुभांगीवन्संच्या बी.एड.च्या ट्रंकेतून चाचणीची पुस्तिका आणली. फुकट. वन्सं म्हणाल्या, वहिनी, ही मूळ आवृत्ती, आता सगळीकडे सुधारित चालते. मनात हसले. सुधारित म्हणजे सुधारायच्या मुलांसाठी. आमची वेदिका मूळचीच हुशार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
'चित्रात काय नाही?' वीसही पाठ. पहिलं टेलिफोन, वायर नाही. दुसरं छत्री, दांडी नाही. तिसरं कंदील, काच नाही. वेदिकाने विचारलं, वायरचा फोन कसा असतो? म्हटलं, ते नको विचारूस, वायर म्हण. बुद्ध्यांक काढला : १३४! वन्सं म्हणाल्या, जुन्या मापाने आताची सगळीच पोरं जास्त भरतात. जळतात, दुसरं काय.

१० फेब्रुवारी, सोमवार
पोरगी झोपेत 'वायर, दांडी, काच' बरळते म्हणून हे तापले. म्हणाले, पुरे कर आता. ह्यांना काय कळतंय. आई सप्तशृंगी, पहिली मिळू दे, वणीला चालत येईन.

११ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी १
मॅडमना स्पष्ट सांगितलं, आमची मूळची हुशार आहे, सुधारित नको, मूळच द्या. त्या म्हणाल्या, ताई, सुधारलीये ती चाचणी, मुलं नाही. असेल. वेदिका आत. मी बाहेर जप. वीस मिनिटांत दार उघडलं. इतक्या लवकर! भराभरा सोडवलं असणार.

तोच दिवस, संध्याकाळी
तसं नव्हतं, मॅडमनीच सांगितलं. ठोकळ्यांची कोडी तिने झटक्यात सोडवली. ती मी शिकवलेली नव्हती. मग चित्रं. मॅडमनी पान उघडायच्या आत ही म्हणाली, वायर. पानावर सायकल होती. पुढचं उघडायच्या आत, दांडी. मॅडमनी विचारलं, कोणी शिकवलं? आईने. खरं बोलते पोरगी, संस्कार माझेच. चाचणी रद्द. परत वर्षभराने.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
शाळेचं पत्र आलं. रिपोर्ट नाही, म्हणून सीनियर केजीच.
वेदिका बाहुलीला शिकवत बसलीये. पुस्तक मिटलेलंच. म्हणते, बघू नकोस, आधी उत्तर सांग. बाहुली बोलेना, तर तिला एक चापट दिली.
ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी देवापुढची वात सारखी केली. सारखीच होती.