प्रियदर्शनीचा श्वास

६ जानेवारी
उमरेडच्या विणकराची पोर सुरुची आजपासून समुद्र अभ्यासणार, तेही नागपुरात! प्रयोगशाळेच्या शीतखोलीत ध्रुवाजवळच्या समुद्रतळाचा चिखल नळ्यांत भरून ठेवलाय. तिचं दार आतून उघडत नाही, म्हणून आत जाणाऱ्यानं बाहेरच्या खिळ्याला नावाची पाटी अडकवायची. राहायला बेसा भागात भाड्याची खोली मिळाली. चहाही फक्कड.

८ जानेवारी
इथली संशोधक प्रियदर्शनी माझ्याच वयाची. जहाजावर जाऊन हा चिखल तिनंच आणला. सांगत होती, हिमयुगात ध्रुवाकडचा समुद्र बर्फानं झाकला गेला, खोल पाण्यानं कार्बन गिळून दाबून ठेवला; बर्फ हटला तेव्हा तो हवेत सुटला. आमचे प्रमुख श्रीधर सर मान डोलवत होते. हेच मी मुलाखतीत सांगितलं तेव्हा त्यांनी जांभई दिली होती. माझा नुसता जळफळाट झाला.

१० जानेवारी
शोधनिबंधावर पहिलं नाव तिचं, माझं आभारात. या चार दिवसांतली मोजमापं सगळी मी केली. आयत्या पिठावर रेघोट्या! संध्याकाळी ती शीतखोलीत होती. मी तिची पाटी काढून पर्समध्ये टाकली. चौकीदार मारोतरावांनी रिकामा खिळा पाहिला आणि कुलूप लावलं. आता थेट सोमवारी उघडेल.

१२ जानेवारी
काल दोनदा गाडी काढली, दोनदा अर्ध्या वाटेतून परतले. जेवण जात नाही.

१३ जानेवारी
ती जिवंत आहे. स्टुलावर बसून नळ्या तपासत होती. मारोतराव रडतच माफी मागत होते. सर दवाखान्यात चल म्हणाले, ती नको म्हणाली. मला एवढंच विचारलं, "काहून घाबरून राहिली वं?"
थंडीत आम्हा सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. तिच्या नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ देताना तिचं बोट लागलं. हात अजून बधिर आहे. तिच्या टेबलावरचं मापक हवेतला कार्बन दहा लाखांत १९० दाखवतंय, एरवी सव्वाचारशे असतो. हा हिमयुगातला आकडा. ती श्वास आत घेते, सोडतच नाही —

१६ जानेवारी
तिनंच सरांना सांगितलं, पहिलं नाव सुरुचीचं टाका. हेच हवं होतं ना मला? मग आनंद का —

१७ जानेवारी
सरांनी शीतखोलीतून नळ्या आणायला पाठवलं, ही वही हातातच होती. ती मागून आत आली. दार ओढून घेतलं. समोर बसलीय. आता श्वास सोडतेय, लांबच लांब —
तिच्या हातातलं मापक ९००. ४,०००.
दार वाजवतेय. कुणी —
४०,०००. डोकं फुटतंय. ती शांत. अजूनही तिचाच हेवा वाटतो. तिला श्वास लागत नाही. मला —