लाकूड नळीला लागू नये

बाबा, काल अमरावतीला बंदुकांच्या दुकानात तुमच्या हातचा रायफलीचा लाकडी दस्ता पाहिला. ज्या मालकासाठी तुम्ही तो केलात, त्याच्या नातवाला ती रायफल विकायची आहे. दुकानदार तुम्हाला ओळखणारा, म्हणून त्यानं मला बोलावलं. मी लांबूनच ओळखली. १९०३ची मॅनलिकर, आखूड नळी आणि लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत. अकोल्याच्या जठारपेठेतल्या आपल्या पडवीत तुम्ही मला मॉडेलचं साल वाचायला लावायचात. १९०३ची गोळी साडेसहा मिलिमीटरची, १९०५ची नऊची, बाहेरून दोघी सख्ख्या बहिणी. एकदा मी चुकले, तेव्हा तुम्ही वर न पाहता म्हणालात, "परीक्षेत चुकली तं मार्क जाते, पोरी. इथं माणूस जाते."

पूर्ण लाकडाची रायफल तुम्हाला आवडत नसे. अकोल्याच्या उन्हाळ्यात एवढं लांब लाकूड वाकतं, नळीला एका बाजूनं दाबतं आणि गोळी भलतीकडे जाते. मालकाचा जुना दस्ता तडकला, तेव्हा तुम्ही शिकारी माउझरसारखा, पुढची नळी उघडी ठेवणारा अर्धा दस्ता सुचवलात. त्याला रुबाब हवा होता. तुम्ही शिसवाचा पूर्ण दस्ता करून दिलात. त्याच उन्हाळ्यात मेळघाटात शिकारीत त्याची गोळी रान उठवणाऱ्या हाकाऱ्याला लागली आणि तो गरीब माणूस जागीच गेला. मालकानं चारचौघांत सांगितलं की नेम बरोबर होता, सुतारानं लाकूड नळीला लागू दिलं. पोलिसांनी अपघात लिहिला. तुम्ही घरी येऊन आईला म्हणालात, "म्या लाकूड मोकयं केलं होतं." मग मरेपर्यंत तेच म्हणत राहिलात, कुणी विचारलेलं नसताना, ताटावर बसल्या बसल्याही. रायफलीला पुन्हा हात लावला नाहीत. खाटांचे पाय करत राहिलात.

काल दुकानदारानं नळी आणि लाकडाच्या मध्ये कागदाची पट्टी सरकवली. ती मध्यावर अडकली, तिथं लाकूड नळीला टेकलं होतं. तो म्हणाला, यावरून काही ठरत नाही, इतक्या वर्षांत लाकूड फिरतंच. पण दस्ता उघडला तर लाकूड मोकळं करायला नळीची आतली खोबण तुम्ही खरवडली होती की नाही ते दिसेल, पटाशीच्या खुणा बुजत नाहीत. पेचकस त्याच्या हातातच होता.

"खोलू का, ताई?"

मी जन्मभर मुख्याध्यापिका होते. पोरांच्या थापा मी कधी खपवून घेतल्या नाहीत. त्याला म्हटलं, नको, अकोल्याची गाडी चुकेल. गाड्या संध्याकाळपर्यंत होत्या, बाबा. तुम्ही हे वाचणार असतात, तर पेचकसाचं मी लिहिलं नसतं.