आधी झाकण उघडा

१२ जानेवारी

प्रिय भुंग्या,

अनेक आशीर्वाद. तुम्ही तिघं खुशाल असाल असं धरून चालते. पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असशील. आई गेली तेव्हा आपण शेवटचे भेटलो, त्याला सहा वर्षं झाली. आणि तेव्हाही, खुर्च्या किती लागतील, एवढंच बोललो.

इकडे सगळं ठीक आहे. माझे गुडघे कुरकुर करतात, तुझे भावोजी माझ्यापेक्षा जास्त. आता खरी बातमी. मी विद्यापीठात जाते. शिकायला. जर्मन भाषा आणि साहित्य, पदवीचं दुसरं वर्ष. ऑफिसची नोकरी मुदतीआधीच सोडली आणि अर्ज भरला. भावोजी म्हणाले, बरं झालं, घरात कुणीतरी एक शिकलेलं हवंच होतं.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं बाई आल्या. मी घाईघाईनं शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि मागून खऱ्या बाई आल्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. आता सगळे मला मावशी म्हणतात आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात माझ्या वह्यांच्या झेरॉक्स काढतात. अक्षर अजून चांगलं आहे, दुसरं काय.

भाषा मोठी हट्टी आहे. त्यांच्याकडे चमचा पुरुष, काटा बाई आणि सुरी नपुंसक. माझ्या शेजारची मुलगी वैतागली तर बाई म्हणाल्या, तुमच्याकडे टेबल नपुंसक आणि खुर्ची बाई, ते कसं चालतं? आणि वाक्यं अशी लांबलचक, की क्रियापद येईपर्यंत माणूस गेला की राहिला ते कळू नये. पण गोडी लागली हे खरं. कथा वाचतो, त्यांच्या जुन्या कारागिरांचा इतिहास शिकतो. कविता पाठ करायच्या असतात. मी त्या स्वयंपाक करताना म्हणते. भावोजी बाहेरून विचारतात, कुणाशी भांडतेस?

या वयात हे खूळ कुठून, असं सगळे विचारतात. मी सांगते, आधीपासून आवड होती. ते अर्धं खरं आहे. भुंग्या, हे पत्र मी तीनदा इथपर्यंत आणून फाडलं आहे. आज पुढे लिहिते.

पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मी टायपिस्ट होते आणि तुला मीच तिथे चिकटवलं होतं. तू एकोणीसचा. त्या वर्षी मालकांनी ते जुनं जर्मन मशीन आणलं, सोबत फक्त जर्मन माहितीपुस्तक. मी संध्याकाळच्या वर्गात सहा महिने जर्मन शिकले होते, तेही अर्धवट सोडलेलं. पण मालकांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, येतं मला. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. ते मला फार आवडलं.

कोश घेऊन मी आठवडाभर बसले. सूचना पुठ्ठ्यावर लिहून ती पाटी मशीनला चिकटवली. रोलर साफ करण्याबद्दलचं माहितीपुस्तकातलं जर्मन वाक्य मला आजही पाठ आहे. शब्दाला शब्द ठेवला तर असं होतं: झाकण, एर्स्ट, उघडणे, जेव्हा रोलर थांबलेले. कोशात एर्स्टपुढे पहिला अर्थ होता, 'आधी'. परदेशी मशीन, झाकण उघडलं की आपोआप थांबत असेल, असं मी स्वतःच ठरवलं आणि लिहिलं: 'आधी झाकण उघडा, म्हणजे रोलर थांबतात.'

तू तसंच केलंस.

तुला दवाखान्यात नेलं त्या संध्याकाळी मी परत कारखान्यात गेले. माझी ऑफिसातली पर्स घ्यायला, असं पहारेकऱ्याला सांगितलं. ती पाटी खरवडून काढली आणि दुसरी लावली: 'रोलर पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नये.' आपलं भाषांतर चुकलं आहे हे तेव्हा मला नक्की माहीत नव्हतं, ही सबब मी इतकी वर्षं जपून ठेवली. जर्मन येत नव्हतं, पण भीती कळत होती ना.

तीन आठवड्यांनी तू हाताला बँडेज बांधून मालकांच्या केबिनमध्ये आलास. म्हणालास, पाटीवर लिहिलं होतं तसं केलं. त्यांनी तुला मशीनपाशी नेऊन पाटी दाखवली. तू ती वाचलीस. मग माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघत होते. तू म्हणालास, "माझंच चुकलं असेल." रजिस्टरमध्ये 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं, आणि पुढे दोन कारखान्यांनी मालकांना विचारून तुला नाकारलं, तेही मला माहीत होतं.

त्यानंतर मी जर्मनचं पुस्तक उघडलं नाही. ते वाक्य कुणालाही दाखवून एका मिनिटात विचारता आलं असतं. अठ्ठावीस वर्षं विचारलं नाही. आई गेल्यावर मात्र घरात तुझं नाव काढणारं कुणी उरलं नाही. ती शांतता मला सोसेना. चोरून विचारण्यापेक्षा वर्गात बसून, सगळ्यांसमोर ऐकावं असं वाटलं. भित्र्या माणसाचा हा लांबचा रस्ता, दुसरं काही नाही.

गेल्या नोव्हेंबरात बाईंनी फळ्यावर एर्स्ट लिहिलं. म्हणाल्या, इथे सगळे फसतात. याच्यापुढे 'जेव्हा' आलं, की अर्थ 'आधी' नव्हे, 'तेव्हाच'. आपल्या भाषेत एका 'च'मध्ये मावतं ते. रोलर थांबल्यावरच झाकण उघडा. तेवढा 'च' मी खाल्ला होता, भुंग्या. मी वहीत उतरवून घेतलं, तारीख घातली आणि मग मला पुढचं दिसेना. शेजारच्या मुलीनं काही न विचारता तिची पाण्याची बाटली पुढे केली.

तास संपल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी फळा पुसून घेतला. मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग?"

म्हणून मी कारखान्यात गेले. थोरले मालक आता नाहीत, मुलगा बघतो. मशीन केव्हाच भंगारात गेलं, पण रजिस्टर कपाटात होतं. मी लिहून नेलेला जबाब त्याच्यापुढे ठेवला: पाटीवर काय होतं, ती कुणी लिहिली, कुणी बदलली. तो म्हणाला, काकू, आता हे कुणाला हवंय? मी म्हणाले, मला. त्यानं दोनदा वाचलं, आणि रजिस्टरमधल्या त्या ओळीखाली खरं काय ते लिहून सही केली. शिक्क्यासकट प्रत सोबत जोडली आहे. तुझी बोटं यानं परत येत नाहीत, तुझी गेलेली वर्षंही नाहीत. पण कागदावर तरी आता तू निष्काळजी नाहीस.

शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प करावा लागतो. मी मशीनच्या सूचनांचं भाषांतर घेणार आहे. बाईंना सांगून ठेवलंय, माझं प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुणीतरी तपासायचं आणि कळलं नाही तर मी 'कळलं नाही' असंच लिहायचं.

माफी मागते. ती देण्याची घाई करू नकोस. शिव्या लिहिल्यास तरी चालतील, पण गप्प राहू नकोस. गप्प राहण्यात आपल्या घरात कुणी कुणाला हार गेलं नाही.

तुझा हात कसा आहे, हे मी तुला एकदाही विचारलं नाही. विचारते.

तुझीच,
ताई



३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हातानं लिहितो. माझ्या दुकानात किल्ल्या घासायला उजवाही चालतो, तीन बोटं पुरतात. थंडीत दुखतो. एरवी मी आठ बोटांवर सगळं करतो हे गिऱ्हाइकाच्या लक्षातही येत नाही. हाताचं विचारलंस म्हणून आधी ते लिहिलं.

पाटी बदलली हे मला तेव्हाच कळलं होतं. जुन्या पाटीच्या खालच्या कोपऱ्यावर माझे तेलकट ठसे होते, मशीन चालू करताना रोज तिथे हात टेकायचा. नवी पाटी स्वच्छ होती.

मी बोललो नाही, कारण तुझ्या पगारावर घर चाललं होतं आणि आईची औषधंही. आणि मला वाटलं, घरी गेल्यावर बोलेल. मग वाटलं, आठ दिवसांनी बोलेल. बायकोला आपलं एवढंच माहीत होतं, की आमचं पटत नाही. तुझं पत्र तिनं वाचलं आणि मला म्हणाली, तुम्ही दोघं एकाच आईची मुलं शोभता.

खरं सांगू का, शब्द चुकला याचा मला कधी राग नव्हता. तू चोवीस वर्षांची, तुला कोण शिकवणार होतं. त्या केबिनमध्ये तू खाली बघितलंस, त्याचा राग आहे. तो अजून आहे. सही-शिक्क्याचा कागद मी तीन-चार वेळा वाचला. दोन दिवस दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं आणि बायको म्हणाली, आज काम करताना तुम्ही गुणगुणताय. मला पत्ता नव्हता.

माफ केलं असं लिहायला बसलो होतो, पण ते कागदावर बरोबर उतरेना. समोर बसलीस की बघू काय होतं ते. भांडूसुद्धा कदाचित. भावोजींनाही आण, मध्ये कुणीतरी असलेलं बरं. तुझ्या त्या कविता म्हणून दाखव. कळणार नाहीत, तरी ऐकेन.

मुलीला सांगितलं, येत्या रविवारी आत्या येणार आहे. ती चौदा वर्षांची, पण हा शब्द आमच्या घरात कधी लागलाच नव्हता. ती आतल्या खोलीत गेली आणि तो दोन-तीनदा नुसताच म्हणून बघत होती. मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं.

ये.

भुंग्या